उभी उपाशी, पळती अधाशी

तायडे मिस्त्री हात धुवायला बसले की चहा निवणार हे ठरलेलंच. आधी घासलेट, मग लाकडाचा भुसा, मग धुण्याचा सोडा, आणि शेवटी पत्र्याच्या डबीत जपून ठेवलेली अंगाच्या साबणाची चकती. नखांतलं काळं काढायला बाभळीचा काटा. त्यांची बायको पंचफुलाबाई कपावर बशी झाकून शेजारी उभी राहायची आणि म्हणायची, "आता काय कातडं काढता?" मिस्त्री उत्तर द्यायचे नाहीत. हात उन्हात धरून पालथे-उताणे करून बघायचे आणि मगच कपाला बोट लावायचे. एवढं करूनही पेरांवरच्या रेघा काळ्याच राहायच्या.

मी अकोल्याला लेडी डॉक्टर म्हणून गेले ती अठ्ठावन्न साली. माहेर अमरावतीचं, शिक्षण नागपूरला, आणि ही पहिलीच नोकरी. गावोगाव फिरून बाळंतिणी आणि लहान मुलं तपासायची. त्यासाठी खात्यानं लढाईनंतर लिलावात निघालेली एक जीप दिली होती आणि तिच्याबरोबर ड्रायव्हर गफूरभाई. गफूरभाई बाळापूरचे, पन्नाशीचे, बोलायला फार कमी. पातूरच्या घाटात चाक रुतलं तरी त्यांच्या तोंडून 'बिस्मिल्ला'खेरीज शब्द निघत नसे. मला जीप चालवायला त्यांनीच शिकवली. "बाईसाब, कधी मले ताप आला त तुमी अडकू नये," असं त्यांचं म्हणणं.

तायडे मिस्त्रींचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते याच गफूरभाईंच्या तोंडून. ती वेळ आठवली की आजही मला माझीच लाज वाटते.

झालं असं, की साठ सालच्या उन्हाळ्यात आमच्या जीपला पेट्रोल एकाएकी फार लागू लागलं. गावं तीच, रस्ते तेच, आणि पेट्रोल मात्र जवळजवळ दीडपट. हेडक्लार्क रोज माझ्या टेबलाशी येऊन म्हणायचे, "बाई, गाडी पेट्रोल पीत नसते. माणूस विकत असतो." खात्यानं नेमून दिलेल्या वर्कशॉपमधून जीप दोन महिन्यांपूर्वीच दुरुस्त होऊन आली होती, म्हणजे गाडीत दोष असायचं कारण नव्हतं. त्यात एके दिवशी संध्याकाळी मी स्वतः गफूरभाईंना जीपच्या मागून हातात डबा घेऊन जाताना पाहिलं होतं. डब्यात काय आहे हे मी विचारलं नव्हतं. हेडक्लार्कनी रिपोर्ट लिहिला, आणि मी त्याच्याखाली सही केली.

गफूरभाईंना घरी बसवलं. चौकशी होऊन बडतर्फीच होणार होती. किल्ली माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "बाईसाब, मी काई म्हनत नाई. फक्त गाडी एकदा तायडे मिस्त्रीले दाखवा. जुन्या कॉटन मार्केटच्या मांगं, कडुनिंबाखाली बसते तो."

दोन दिवस मी ते मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी जेवण काही जाईना. शेवटी उठले, जीप काढली, आणि कुणालाही न विचारता कॉटन मार्केटच्या मागे नेली.

कडुनिंबाखाली चार पत्रे टाकलेली शेड. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली एक लाकडी पेटी. जमिनीवर पांढरं कापड पसरलेलं आणि त्यावर कुठल्याशा इंजिनाचे भाग एका रांगेत मांडलेले. खाकी सदरा घातलेला, चाळिशीतला एक काळासावळा, काटकुळा माणूस त्यांच्यासमोर मांडी घालून बसला होता. लढाईत हा माणूस फौजेच्या वर्कशॉपमध्ये होता आणि काम तिथेच शिकला, हे मला नंतर कळलं.

"काय तक्रार हाये?" त्यांनी विचारलं.

"पेट्रोल फार खाते."

"हे तक्रार तुमची झाली, बाई. गाडीची काय हाये?"

मला राग आला. पण त्यांनी एक उपडा डबा माझ्यासाठी पुसून ठेवला, आणि बॉनेटला हातही न लावता प्रश्न विचारायला सुरुवात केली. उभी असताना कशी चालते? पळताना कशी? चढावर मागं धूर दिसतो का, कोणत्या रंगाचा? वास कधी येतो? मी म्हटलं, "हे ड्रायव्हरला माहीत."

"बसता त तुमीबी न तिच्यात? आठवा."

आठवू लागले तसतसं मला माझंच नवल वाटू लागलं. गावात थांबलो की जीप थरथरायची आणि बंद पडायची. मी उतरत असताना गफूरभाई एक पाय अॅक्सिलेटरवर ठेवून असायचे. पळायला लागली की मात्र मागे काळा धूर, आणि पातूरपर्यंत पेट्रोलच्या वासानं माझं डोकं चढायचं. हे सगळं मी रोज पाहत होते.

"पानी लय पिते का? उभ्यानं तापते?"

गफूरभाईंच्या हातातला डबा मला आठवला. तो डबा पाण्याचा होता. रेडिएटरमध्ये ओतायला गफूरभाई विहिरीवर जात होते.

मिस्त्री स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "उभी उपाशी, पळती अधाशी." मग माझ्याकडे बघून, "एका रोगानं असं नाई व्हत, बाई. उपाशी असन त सदा उपाशी राहीन. अधाशी असन त सदा अधाशी. हिले दोन रोग हायेत, अन् एकानं दुसऱ्याले झाकून ठेवलं."

आता मी त्यांना गफूरभाईंचं सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर मोठ्या आशेनं विचारलं, "म्हणजे चोरी नाही ना?"

"तसं म्या कुठी म्हनलं? रोगबी असन अन् चोरीबी असन. पाह्यल्याबिगर काय सांगू?"

त्यांनी एक प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. टोक काजळासारखं काळं, कोरडं. "तुमी जीभ पाहता न पेशंटची? हे तिची जीभ. खानं पचून नाई राहिलं." मग म्हणाले, "दवाखान्यातली सलाईनची बाटली हाये का? रेघा असलेली. अन् नळी."

मी दवाखान्यात जाऊन दोन रिकाम्या बाटल्या आणल्या. त्यांनी टाकीकडून येणारी नळी बंद केली, बाटली समोरच्या काचेच्या चौकटीला उलटी टांगली आणि तिची नळी सरळ कार्बोरेटरला जोडली. पेट्रोल मला स्वतःच्या हातानं भरायला लावलं. "आता टाकी नाई, पंप नाई, गफूर नाई. फक्त तुमी अन् बाटली." गाडी चालवायला ते बसले, आणि मी शेजारी बसून पातूर रस्त्याचे मैलाचे दगड मोजत राहिले. एका बाटलीत चांगली जीप दोन मैल जायला हवी, असा त्यांचा हिशेब. आमची जीप दीड मैलाचं अंतरही न काटता आचके देऊन थांबली.

रस्त्याच्या कडेला, रखरखत्या उन्हात, मला रडू फुटलं. मिस्त्री दुसरीकडे बघत म्हणाले, "रडू नोका बाई. अजून अर्धंच झालं. खाते हे समजलं. काहून खाते ते पाहू."

शेडमध्ये परत आल्यावर त्यांनी इंजिन सुरू ठेवलं आणि कोंबडीचं एक पीस तेलात बुडवलं. इंजिन चालू असताना मिस्त्री कुणालाही बोलू देत नसत. चहा घेऊन आलेल्या पंचफुलाबाईंनी मला ओठांवर बोट ठेवून खुणावलं. मिस्त्री ते पीस हलक्या हातानं इंजिनाच्या जोडांवरून फिरवू लागले. एका ठिकाणी तेल आत ओढलं गेलं, आणि तडफडत चाललेल्या इंजिनाचा आवाज क्षणभर एकदम गोल, शांत झाला. तेल संपलं तशी पुन्हा तडफड. त्यांनी तीनदा तसं करून दाखवलं. तिसऱ्या वेळी मलाही ऐकू आलं.

"हा जोड फुटला. इथून हवा शिरून राहिली. उभ्यानं इंजन जरासाच घोट घेते, म्हनून तेवढी हवाबी त्याले भारी पडते. पळताना मोठा घोट घेते, तवा या हवेचं काई वाटत नाई." मग त्यांनी कार्बोरेटर खोलून त्यातली एक पितळेची इवलीशी नळी माझ्यासमोर उजेडात धरली. "हे जेट. पेट्रोल इथून येते. उभ्यानं बंद पडते म्हनून कोनंतरी याच्यात तार घालून भोक मोठं केलं. म्हंजे उपाशीपनावर जास्त जेवन. उभ्यानं जराशी चालाले लागली, अन् पळताना मनभर खाऊ लागली. फुटलेला जोड तसाच राहिला." म्हणजे वर्कशॉपमधली दुरुस्ती ती हीच.

जेटमध्ये तार घालणाऱ्यांवर त्यांचा फार राग. 'कानात काडी घालनं' म्हणायचे. ते स्वतः तोंडानं फुंकर मारून जेट साफ करायचे.

त्यांनी जोडाला नवं पॅकिंग कापून बसवलं. जेट मात्र लाकडी पेटीतून, फौजी गाडीचं एक जुनं शोधून काढलं. पुन्हा बाटली टांगली. दोन मैलांचा दगड मागे पडला, पुढचा पूल आला, आणि जीप चालतच होती.

सोमवारी मी मोठ्या साहेबांपुढे जाऊन सगळं सांगितलं. परवानगीशिवाय सरकारी गाडी रस्त्यावरच्या मिस्त्रीकडे नेल्याबद्दल आधी बोलणी खाल्ली. मग साहेब म्हणाले, "दाखवा." मिस्त्रींनी जुनं जेट परत घातलं, जोड सैल केला, आणि बाटली धरायला हेडक्लार्कना बसवलं. दीड मैलाच्या आत गाडी थांबली, आणि त्या धक्क्यानं उरलंसुरलं पेट्रोल त्यांच्या पांढऱ्या धोतरावर सांडलं. मग मिस्त्रींनी तिथंच, रस्त्यात, दुरुस्ती करून दुसरी बाटली लावली. परत येताना हेडक्लार्क एक अक्षर बोलले नाहीत. गफूरभाई त्या आठवड्यातच कामावर आले.

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला नाही. बराच रस्ता गेल्यावर म्हणाले, "बाईसाब, तुमी सही केली ते मी पाह्यलं व्हतं. गाडी घेऊन गेले तेबी पाह्यलं."

आणि मिस्त्री? कुणी त्यांना म्हटलं, की तुम्ही गफूरला वाचवलं, की ते चिडायचे. "म्या कोनाले वाचवलं नाई. तो खरा हाये का खोटा, मले काय माहीत? म्या गाडी पाह्यली." मला सुरुवातीला हे बोलणं कोरडं वाटायचं. पुढे पटलं. गफूरभाईंवर विश्वास आहे म्हणून ते तपासायला बसले असते, तर त्या तपासाला कुणी विचारलं नसतं.

त्या पहिल्या रविवारी पंचफुलाबाईंनी चहा पुढे करताना विचारलं होतं, "आमच्या घरचा घेता ना, बाई?" मी घेतला. अमरावतीला आईला लिहिलेल्या पत्रात मात्र ते लिहिलं नाही. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

मिस्त्रींच्या धाडसाची गोष्ट वेगळीच होती. गावातल्या एका कापूस व्यापाऱ्याची मोटार घराच्या पोर्चमध्येच बंद पडली. मिस्त्रींना बोलावणं गेलं. ते फाटकात पोचले, तर शेटजी वरच्या पायरीवरून म्हणाले, "तिथूनच पाहा, मिस्त्री. पोर्चला लागूनच देवघर आहे." मिस्त्रींनी फाटकातून मोटारीकडे नीट पाहिलं. म्हणाले, "बराबर हाय, शेटजी. मी इथी येत नाई. गाडी मायाकडे आना." आणि निघून आले. गावात दुसरे मिस्त्री होते. दोघांनी येऊन हात टेकले. तिसऱ्या दिवशी भर बाजारातून आठ माणसं ती मोटार ढकलत कडुनिंबाखाली घेऊन आली, मागून छत्री धरून शेटजी. मिस्त्रींनी शेटजींसाठीही उपडा डबा पुसून ठेवला, इतरांना विचारायचे तेच प्रश्न तितक्याच शांतपणे विचारले, आणि पेट्रोलमध्ये आलेलं पाणी काढून तासाभरात मोटार चालू करून दिली. ही हकिकत मला गफूरभाईंनी सांगितली. एरवी दिवसात दहा वाक्यं न बोलणारा तो माणूस ती सांगताना हसून हसून डोळे पुसत होता. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, "त्यात काय? गाडी पाहाले जवय जावं लागते. फाटकातून वास येत नाई."

वासाचं त्यांना फार. पान नाही, तंबाखू नाही, विडी नाही. "तंबाखूनं नाक मरते." दुरुस्त झालेली गाडी निघाली की हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे आणि ती कोपऱ्यावर वळेपर्यंत कान देऊन उभे राहायचे. कधी कधी मधेच धावत जाऊन गाडी परत आणायचे. मालक म्हणे, "अहो, चालतेय की!" हे म्हणत, "चालून राहिली, पन बोलून राहिली काईतरी."

त्यांना मूल नव्हतं. नातेवाइकांनी दुसरं लग्न करायला पुष्कळ सांगून पाहिलं. छप्पन साली नवराबायको दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली, त्यानंतर एका मावशीनं पुन्हा तो विषय काढला, तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "मावशी, जुनं सगळं सोडून आलो. आता हेबी बोलनं सोड." हे मला पंचफुलाबाईंनीच सांगितलं, आणि सांगताना पदर तोंडावर घेतला.

बासष्ट साली पंचफुलाबाईंना धाप लागू लागली. अंग पांढरंफटक पडलं. मी रक्त तपासलं, फारच कमी होतं. लोहाचं औषध सुरू केलं, इंजेक्शनं दिली. महिनाभरात बरं वाटलं, दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मी औषध वाढवलं. पुन्हा बरं, पुन्हा धाप. पुन्हा वाढवलं. दर वेळी मिस्त्री बाटली घेऊन मुकाट्यानं जायचे.

एके दिवशी सकाळी ते दवाखान्यात आले आणि बाटली पुढे न करता उभे राहिले.

"बाई, एक इचारू? राग नोका मानू."

"विचारा."

"आपन जेट मोठं करून राहिलो का?"

मला कळलं नाही असं मी दाखवलं. पण कळलं होतं, आणि राग आला होता. चार वर्षांची डॉक्टर मी, नागपूरची शिकलेली. मोटारीचा मिस्त्री मला सांगतो! ते खाली मान घालून बोलत राहिले, "रगत घालून राहिले तुमी. तेवढ्यापुरतं चालते. पन जाते कुठी ते? कुठीतरी फुटलं असन न, बाई?"

त्यांना मी बाहेर पाठवलं आणि दुपारी स्वतः त्यांच्या घरी गेले. मिस्त्री शेडमध्ये होते. दार लोटून घेतलं, पंचफुलाबाईंच्या शेजारी खाटेवर बसले आणि पाळीबद्दल जे आधी विचारलं होतं तेच पुन्हा विचारलं. आधी विचारलं होतं ते दवाखान्याच्या गर्दीत, चार बाया आणि कंपाउंडर उभे असताना. तेव्हा त्यांनी "सगळं बराबर हाय" म्हणून सांगितलं होतं, आणि मी ते लिहून घेतलं होतं. आता त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"दर महिन्याले पंधरा पंधरा दिस अंगावरून जाते, बाई. तीन वर्सं झाले."

"मला का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? ह्याईले समजलं असतं त काम सोडून मायापाशी बसले असते. अन् मले वाटलं, लेकरू नाई झालं त्याचीच हे शिक्षा असन."

तपासलं. पोटात गाठ होती, नारळाएवढी. मी सहा महिने बाटल्यांवर बाटल्या देत होते.

नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन करायचं ठरलं. चिठ्ठी मी दिली, सुट्टी काढून सोबतही गेले. तिथल्या सर्जननी मला सरळ सांगितलं, की रक्त इतकं कमी आहे, भरवसा देता येत नाही. मिस्त्रींनी स्वतःचं रक्त दिलं. गफूरभाई रक्त द्यायला बाळापूरहून आपल्या पुतण्याला घेऊन आले. ऑपरेशनच्या दिवशी मिस्त्री व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसले होते. चार तास. मी बाहेर येऊन "झालं, बऱ्या आहेत" म्हटलं, तर ते उठलेच नाहीत. बसूनच माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग विचारलं, "कशी हाये, ते सांगा. झालं ते समजलं."

"श्वास चांगला आहे. नाडी चांगली आहे."

"आवाज?"

"अजून शुद्ध नाही आली, मिस्त्री."

"मंग आवाज येईपर्यंत मी इथीच हाव."

तीन आठवडे ते तिथेच राहिले. दिवसा व्हरांड्यात, झोपायला धर्मशाळेत. कामाशिवाय बसायची सवय नाही, तर वॉर्डातल्या गंजलेल्या खाटांच्या चाकांना तेल घालून दिलं, एका पंख्याचा खडखडाट घालवला. ऑपरेशननंतर आठवड्याभरानं पंचफुलाबाई नीट भानावर आल्या तेव्हा मी शेजारीच होते. मिस्त्रींनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. इतके दिवस इंजिनाच्या ग्रीसला न लागलेला हात. पेरांवरच्या काळ्या रेघासुद्धा पुसट झाल्या होत्या. पंचफुलाबाईंनी तो हात धरून डोळ्यांसमोर आणला, उलटा केला, सुलटा केला, आणि क्षीण आवाजात म्हणाल्या, "हे कोनाचे हात होत?"

मिस्त्री हसले. मग तोंड फिरवून खिडकीकडे गेले.

अकोल्याला परत आल्यावर ते माझ्याकडे आले. मी आधीच मनाशी ठरवलं होतं, म्हणून म्हटलं, "मिस्त्री, चूक माझी झाली. मी आधी नीट विचारायला हवं होतं." ते म्हणाले, "तुमी मंग इचारलं न? लय लोकं इचारत नाईत. झाकून ठेवते." तेवढंच. पुढे कधी त्यांनी तो विषय काढला नाही. मी मात्र तेव्हापासून कुठल्याही बाईला गर्दीत प्रश्न विचारला नाही. पडदा लावून, दार लोटून, खाटेवर शेजारी बसून विचारायची. माझ्या हाताखालच्या नर्सेस हसायच्या, वेळ जातो म्हणायच्या. जाऊ दे.

चौसष्ट साली माझी बदली अमरावतीला झाली. नांदगाव खंडेश्वरापासून पार शेंदूरजनाघाटापर्यंतचा भाग मिळाला, नवी जीप मिळाली, नवा ड्रायव्हर मिळाला. गफूरभाई निवृत्त होऊन बाळापूरला गेले. अकोला सुटलं. मिस्त्रींना लिहिता-वाचता येत होतं, पण पत्र लिहायचा त्यांचा स्वभाव नव्हता, आणि मीही दोन-तीन पत्रांनंतर थांबले.

सदुसष्ट साली एका मीटिंगसाठी अकोल्याला गेले. मीटिंग लवकर संपली, आगगाडीला अवकाश होता. टांगा केला आणि कॉटन मार्केटच्या मागे आले.

शेड तीच, कडुनिंब जरा छाटलेला. बाहेर एक ट्रक आणि दोन जीपा ओळीनं उभ्या. त्यातल्या एका जीपच्या उघड्या बॉनेटमध्ये मिस्त्री कमरेपर्यंत वाकलेले, नुसती खाकी पाठ दिसत होती. आणि ड्रायव्हरच्या जागेवर पंचफुलाबाई. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. मी टांग्यातून उतरून बघतच राहिले. टांगेवाला म्हणाला, "बाई हल्ली इथीच असते दिवसभर. त्याईले आता आयकू कमी येते न. इंजनावर हात ठेवून पाह्यतात, अन् बाई आयकून सांगते."

मिस्त्रींचं ऐकणं कमी झालंय हे मला त्या टांगेवाल्याकडून कळलं.

पंचफुलाबाईंची नजर माझ्याकडे गेली. चेहरा फुलला. पण अॅक्सिलेटरवरचा पाय काढला नाही. एक बोट वर करून मला थांबायची खूण केली आणि बॉनेटच्या दिशेनं मोठ्यानं म्हणाल्या, "डावीकडून एक ठिणगी चुकून राहिली. तिसरी."

मिस्त्रींनी आत काहीतरी केलं.

"आता?"

"आता बराबर."

मग त्यांनी इंजिन बंद केलं. मिस्त्री सरळ झाले, मला पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. केस पार पांढरे झाले होते. चहा झाला. मी जरा जोरात बोलत होते, तर म्हणाले, "ओरडू नोका बाई, तुमचं तोंड पाहून समजते." माझी तब्येत विचारली, नव्या जीपची विचारली, उभ्यानं कशी चालते ते विचारलं. पंचफुलाबाईंनी माझ्या पिशवीत आग्रहानं भुईमुगाच्या शेंगा घातल्या. ट्रकवाला चुळबुळ करू लागला तशी मीच उठले.

टांगा वळला तेव्हा मागे पाहिलं. मिस्त्री ट्रकच्या इंजिनावर दोन्ही तळहात पसरून, डोळे मिटून उभे होते. पंचफुलाबाई ट्रकच्या उंच पायरीवर चढत होत्या. चढून बसल्या, पदर खोचला, आणि खिडकीतून बाहेर झुकून त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मिस्त्रींनी डोळे न उघडताच मान हलवली, आणि इंजिन सुरू झालं.